लाइट रोस्ट कॉफी: फळांची चव येते कुठून आणि आपल्याकडे ती हरवते कुठे

पाकिटावर लिहिलेलं असतं ‘संत्रं, मध, जाई’. किंमत वाचून घरचे आधीच गप्प झालेले असतात. मग नेहमीच्या सवयीने पातेल्यात पाणी, दूध, साखर, वर दोन चमचे पावडर आणि खळखळून उकळी. कपात येतं ते आंबूस, पाणचट काहीतरी. पहिला प्रश्न हमखास ठरलेला: दूध नासलं होतं का?

दूध चांगलं होतं, आणि कॉफीही बहुधा चांगलीच होती. गडद भाजलेली कॉफी करणाऱ्याच्या पुष्कळ चुका पोटात घालते. लाइट रोस्ट एकही घालत नाही. पाणी, दळण, उष्णता यांतलं काहीही चुकलं की ती लगेच चहाडी करते. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात पहिला संशयित पाणी. पण त्याआधी दाण्यात काय घडतं ते बघावं लागेल, नाहीतर पुढच्या सूचना नुसत्या पाठ कराव्या लागतील.

एक गैरसमज आधीच बाजूला काढू. लाइट म्हणजे कमी कडक किंवा कमी ‘डोस’ची कॉफी नव्हे. लाइट म्हणजे कमी भाजलेली. भाजताना कॅफिन फारसं उडत नाही. १५ ग्रॅम अरेबिका (कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एक, दुसरा रोबस्टा) घ्या, हलकी भाजलेली असो वा काळीकुट्ट, कपात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन उतरणारच. झोप उडवायला ती तितकीच समर्थ आहे.

हुरडा आणि भरीत

कॉफी म्हणजे एका फळाचं बी. पिकल्यावर लाल होणारं, लहान बोराएवढं फळ. आत बहुधा दोन बिया, सपाट बाजूने एकमेकींना टेकलेल्या. गर काढून वाळवलेलं बी हिरवट-करडं आणि टणक असतं, त्याला वाळल्या गवतासारखा वास येतो. चव अशी काही नसतेच. आत १० ते १२ टक्के पाणी असतं.

हे बी तापायला लागलं की पहिली काही मिनिटं फक्त पाणी उडतं. १५० अंशांच्या आसपास ते पिवळं पडतं आणि भाकरी भाजल्यासारखा वास येऊ लागतो. तो वास उगाच तसा नाही. तव्यावर भाकरीला तांबूस डाग पडतात किंवा शेंगदाणे खरपूस होतात, तीच ही क्रिया: साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी जुळतात आणि शेकडो नवे वास जन्माला येतात. रसायनशास्त्रात तिला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. मग १९५ ते २०५ अंशांच्या दरम्यान आतली वाफ आणि वायू दाण्याला फोडतात. लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. ही पहिली तडतड. इथून पुढे दाणा पिण्याजोगा झाला.

भाजणाऱ्याने इथून मिनिट-दीड मिनिटात दाणे बाहेर ओतले तर लाइट रोस्ट. आणखी थांबला तर मीडियम. २२५ अंशांच्या सुमाराला दुसरी तडतड सुरू होते. ती बारीक, वाळल्या काटक्या चरचर जळाव्यात तशी. तिथे दाण्याचा सांगाडाच मोडतो, आतलं तेल वर येतं, दाणा चकाकू लागतो. तो डार्क. हे आकडे यंत्रागणिक थोडे मागेपुढे होतात, कारण प्रत्येकाचा तापमापक वेगळ्या जागी बसवलेला असतो. वजन मात्र खोटं बोलत नाही. १०० ग्रॅम कच्च्या दाण्यांचे लाइट भाजून ८६ ते ८८ ग्रॅम उरतात, डार्क भाजून ८० ते ८३.

आपल्याकडच्या दोन भाजण्या डोळ्यांसमोर आणा. वांग्याचं भरीत कपाशीच्या काड्यांवर साल काळी होईस्तोवर भाजतात. त्यात धूर हवाच, निम्मी चव आगीची असते. ज्वारीचा हुरडा मात्र आरात जेमतेम शेकायचा, दाणा गोड आणि दुधाळ राहिला पाहिजे. डार्क रोस्ट म्हणजे भरीत, लाइट रोस्ट म्हणजे हुरडा. आता भरितालाही वांगं चांगलंच लागतं, नाहीतर बामणोदवाले रागावतील. पण निबर कणसाचा हुरडा कितीही छान भाजला तरी खाववत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच लाइट भाजायला चांगल्या प्रतीचा दाणा लागतो, आणि म्हणूनच ती महाग पडते. हलक्या प्रतीच्या मालाचे दोष डार्क भाजणीत झाकले जातात, हे व्यापारातलं उघड गुपित आहे.

आंबटपणा हा दोष नाही

कच्च्या दाण्यात सायट्रिक आणि मॅलिक ही आम्लं असतात. सायट्रिक म्हणजे लिंबू-मोसंबीतलं, मॅलिक म्हणजे सफरचंदातलं. भाजणी जसजशी वाढते तसतशी ती मोडत जातात. त्याच वेळी क्लोरोजेनिक नावाच्या आम्लांचे तुकडे होऊन कडवट पदार्थ तयार होतात: आधी सौम्य कडू, मग डार्कमध्ये घशाशी रेंगाळणारे जहाल कडू. म्हणजे भाजणी हा एक सौदा आहे. जितकं भाजाल तितकी आम्लं कमी, कडूपणा जास्त. लाइट रोस्टमध्ये आम्लं शिल्लक असतात, कडूपणा पुरता आलेला नसतो.

मग गोडवा? अरेबिकाच्या कच्च्या दाण्यात ६ ते ९ टक्के साखर असते, पण ती भाजताना जवळजवळ सगळी खर्ची पडते, लाइटमध्येसुद्धा. कपात जो गोडवा भासतो तो बराचसा वासाचा खेळ आहे. कॅरॅमल, मध, पिकलेलं फळ यांच्याशी नातं सांगणारे वास नाकात गेले आणि जिभेवर कडू काही नसलं, की मेंदू ‘गोड’ असा निकाल देतो.

पाकिटावरच्या ‘संत्रं’, ‘जाई’चा अर्थही इथेच आहे. कॉफीत कुणी अर्क घातलेला नसतो. जाईच्या फुलात आणि काही कॉफ्यांत लिनालूल नावाचा सुवासिक पदार्थ सारखाच आढळतो, म्हणून एकाची आठवण दुसऱ्याला येते. जिभेला कळतं फक्त आंबट, गोड, कडू, खारट वगैरे. बाकी सगळं घशामागून नाकात चढणारा वास सांगतो. कॉफीचा घोट घेताना नाक चिमटीत धरा, गिळा, मग सोडा. सोडल्याक्षणी जे उमटतं तो वास. सर्दीत शेवभाजी फिकी लागते, त्याचंही कारण हेच.

पाकिटावरचे शब्द बहुतेकदा परदेशी फळांचे असतात. ‘ब्लॅककरंट’ ज्याने कधी खाल्लंच नाही त्याने ते शोधायचं कशाला? आपल्या जिभेचे शब्द वापरा. लिंबासारखा टोकदार आंबटपणा आणि मोसंबीचा गोलसर आंबटपणा यातला फरक कळतो ना? मेहरूणच्या बोराचा आंबटगोडपणा, जांभळाचा तुरटपणा, धडगावकडच्या आमचुराचा कोरडा आंबटपणा, कच्च्या चिंचेचा दात आंबवणारा ठोसा, गुळाचा पाक उकळताना येणारा वास. एवढ्यांत बहुतेक लाइट रोस्ट बसतात. मोसंबी, बोर, गूळ यांच्या बाजूला कॉफी झुकत असेल तर सगळं जमलं. चिंच आणि आमचुराकडे गेली तर काहीतरी चुकलं. कुठे, ते पुढे.

‘आंबट म्हणजे पित्त वाढणार’ असंही लोक म्हणतात. कॉफीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास असतो. आपण जेवणावर पितो ते ताक त्याहून आंबट असतं. पोटात जळजळ होते त्यामागे कॅफिनसारखे पदार्थ असू शकतात, आणि ते डार्कमध्येही आहेत. ज्याला रिकाम्या पोटी कॉफी सोसत नाही त्याने कुठलीच घेऊ नये.

कोणता दाणा, कसा वाळवलेला

भारतातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते: चिक्कमगळूर, कोडगू, हासन. खाली केरळात वायनाड, तमिळनाडूत निलगिरी आणि येरकाड, वर आंध्रात अराकू. गंमत म्हणजे आपल्याच सातपुड्याच्या रांगेत, पूर्वेला मेळघाटातल्या चिखलदऱ्यातही कॉफीची झाडं आहेत. अरेबिकाला साधारण हजार मीटरच्या वरची उंची, गार रात्री आणि सावली मानवते. तिथे फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट होतो. रोबस्टा खालच्या उष्ण भागात तग धरतो, पण त्यात कॅफिन जवळपास दुप्पट आणि साखर कमी, त्यामुळे हलकं भाजलं तर बहुधा कच्च्या धान्याची, लाकडासारखी चव येते. लाइट रोस्टसाठी अरेबिका घ्या.

कर्नाटकातल्या बागांत एसएलएन ७९५ ही जात खूप आहे. सौम्य आंबटपणा, गूळ, शेंगदाण्या-बदामाची छटा, कधी मसाल्याचा वास. पहिल्यांदा पिणाऱ्याला हीच सोपी जाते. इथिओपियाची धुतलेली कॉफी फुलांच्या आणि लिंबाच्या बाजूची, अंगाने चहासारखी पातळ. केनियाची जास्त टोकदार, काळ्या द्राक्षांची आणि जांभळाची आठवण देणारी. मान्सून मलबार नावाची कॉफी लाइटमध्ये शोधू नका. ती पावसाळी दमट हवेत मुद्दाम फुगवतात, तिचा आंबटपणा आधीच गेलेला असतो.

जातीपेक्षाही लवकर ओळखू येतो तो वाळवण्याचा प्रकार. ‘वॉश्ड’ म्हणजे गर काढून, बुळबुळीत थर आंबवून, धुऊन वाळवलेलं बी: चव स्वच्छ, आंबटपणा ठळक. ‘नॅचरल’ म्हणजे अख्खं फळ उन्हात वाळवलेलं. गर बियांवरच आंबतो आणि पिकल्या फळांचे दाट वास आत मुरतात. पिकून डाग पडलेलं केळ, मोहफुलांचा गोड जड वास, थोडी दारूची झाक. केळ्याला त्याचा वास देणारे एस्टर नावाचे पदार्थ असतात, आणि आंबताना यीस्ट त्याच गटातले पदार्थ बनवतं. रावेर-यावलच्या माणसाला ‘नॅचरल’ ओळखायला फार शिकवावं लागणार नाही. ‘हनी’ हा या दोघांमधला प्रकार. मधाशी त्याचा संबंध नाही, बियांवर राहिलेला चिकट थर मधासारखा दिसतो एवढंच.

पाकिटावर मुख्य बघायची ती भाजल्याची तारीख. फक्त ‘बेस्ट बिफोर’ असेल तर पाकीट परत ठेवा. भाजल्यावर दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. लाइट दाणा घट्ट, त्यामुळे तो हळू निघतो. भाजल्यापासून १० ते २० दिवसांनी चव खुलते, पुढे महिना-दीड महिना चांगली राहते. कालच भाजलेली ताजी कॉफी मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये.

पाणी: आपल्याकडची खरी अडचण

कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच पाणी. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडं हवंच, ते दाण्यातली चव बाहेर काढायला मदत करतं. घात करतं ते बायकार्बोनेट. लिंबाच्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून बघा, फसफसून आंबटपणा मरतो. जड पाण्यात लाइट रोस्टचं नेमकं हेच होतं. बोर आणि मोसंबी नाहीशी होतात, उरतं मातकट, खडूसारखं पेय. मग वाटतं कॉफीतच काही दम नव्हता.

उपाय म्हणून लोक जारचं किंवा घरच्या आरओचं पाणी घेतात, आणि दुसऱ्या टोकाला जातात. त्यात खनिजं जवळपास नसतात. आम्लांना आवर घालायला काहीच नसल्याने कप पातळ आणि बोचरा होतो, चिंचेच्या कोळासारखा.

कॉफीसाठी पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मिलिग्रॅममध्ये, १५० च्या आसपास धरतात. ७५ ते २५० पर्यंत चालतं. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. समजा बोअरचा आकडा ६०० आणि जारचा ४० आला. एक पेला बोअरचं आणि चार पेले जारचं मिसळलं की सुमारे १५० होतं. आकडे वेगळे असतील तर गणित तेच. टीडीएस म्हणजे नुसता जडपणा नव्हे, मीठही त्यात मोजलं जातं, म्हणून पाणी खारट लागत असेल तर ते मिश्रणातसुद्धा घेऊ नका. बोअरचं पाणी आधी दहा मिनिटं उकळून, थंड करून, तळाचा पांढरा गाळ सोडून वरचं घेतलं तर बायकार्बोनेट आणखी कमी होतं. धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बहुधा हलकं असतं, पण क्लोरीनचा वास येत असेल तर झाकण न ठेवता उकळून तो घालवा. नाहीतर कपाला दवाखान्याचा वास येतो.

एवढं पाण्यावर का बोलायचं? कारण एकच पाकीट, एकच ग्राइंडर, एकच हात, आणि फक्त पाणी बदललं तर दोन वेगळ्या कॉफ्या होतात. शंका असेल तर एकदा बाजारातल्या सीलबंद बाटलीच्या पाण्यात करून शेजारी ठेवा.

दळण

लाइट दाणा कठीण असतो. हातग्राइंडरला जोर लागतो, स्वस्त ग्राइंडरची दांडी वाकते. पातं असलेला नव्हे, दगडी जात्यासारखा दोन पाळ्यांमध्ये भरडणारा ग्राइंडर घ्या. त्याला बर ग्राइंडर म्हणतात. मिक्सर दाणे भरडत नाही, फोडतो: अर्धी भुकटी, अर्धे खडे. भुकटी कडू उतरते, खडे आंबट, आणि कपात दोन्ही एकदम येतात.

तरी मिक्सरच असेल तर लहान चटणीचं भांडं घ्या. एक-दीड सेकंदाचे झटके द्या, दर झटक्याला भांडं हलवा, दहा-बारा झटक्यांत थांबा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि वास तिथेच उडतो. मग मैद्याच्या बारीक चाळणीतून चाळा. खाली पडलेली धूळ बाजूला ठेवा, वर राहिलेला भरडा वापरा. धूळ दुधाच्या कॉफीत खपते.

आधी पेल्यात करून बघा

उपकरणं घेण्याआधी कॉफी समजून घ्यायला सगळ्यात प्रामाणिक पद्धत म्हणजे चव-परीक्षकांची. काचेचा किंवा चिनी मातीचा २०० मिलिलिटरचा पेला, ११ ग्रॅम कॉफी, जाड रव्याएवढं दळण. सराफाच्या काट्याइतकी नजाकत नको, पण दशांश ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा हवाच. चमच्याने मोजलं तर लाइट आणि डार्कचं वजन वेगळं भरतं. पाणी उकळलं की अर्ध्या मिनिटाने थेट कॉफीवर ओता, पेला भरेपर्यंत. हलवू नका. वर जाड साय धरेल. बरोबर ४ मिनिटांनी चमच्याच्या पाठीने ती साय तीनदा मागे ढकला. नाक जवळ ठेवा, सगळ्यात जास्त वास याच क्षणी येतो. तरंगणारा फेस दोन चमच्यांनी काढून टाका. चोथा खाली बसेल. दहाव्या-बाराव्या मिनिटाला वरचं निवळ चमच्याने घेऊन जोरात भुरका मारा.

भुरका ही असभ्यता नव्हे. कॉफीचे तुषार टाळूपर्यंत उडवून वास नाकात चढवायची ती रीतसर पद्धत आहे. बशीतून चहा ओढणाऱ्या खानदेशी माणसाला ती जन्मतःच येते. बशीचा दुसरा फायदाही आहे. वाफाळती असताना लाइट रोस्टमधलं काही कळत नाही. ६० अंशांच्या खाली, कोमट होताना फळं दिसू लागतात. बशीत ती लवकर निवते. चांगली असेल तर गार होता होता जास्त गोड लागते, वाईट असेल तर गार झाल्यावर पितळ उघडं पडतं.

कागदाच्या गाळणीतून

रोज प्यायची म्हटलं की शंकूच्या आकाराची गाळणी आणि कागद. कागद नसेल तर नवं मलमलचं फडकं, कांजी निघेपर्यंत दोनदा उकळून घेतलेलं. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. दळण जाड साखरेपेक्षा थोडं बारीक.

गाळणीत कागद बसवून त्यावर गरम पाणी ओता आणि ते फेकून द्या. कागदी वास जातो, भांडंही तापतं. कॉफी सपाट पसरा. पाणी ९४ ते ९८ अंश हवं. डार्कला एवढं कडक पाणी कडू करतं, पण लाइट दाणा घट्ट असल्याने त्यातली चव सहजी सुटत नाही. खाली तापीच्या खोऱ्यात पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा गॅस बंद करून लगेच ओतलं तरी चालतं. तोरणमाळच्या पठारावर ते मुळातच ९६-९७ ला उकळतं, तिथे क्षणभरही थांबू नका. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना चार-पाच अंश सहज जातात, म्हणून चोच असलेलं भांडं वापरायचं तर ते आधी कढत पाण्याने विसळा.

घड्याळ लावा. पहिलं ४५ ग्रॅम पाणी सगळी कॉफी भिजेल असं ओता आणि ४५ सेकंदं थांबा. कॉफी फुगेल, बुडबुडे येतील; कोंडलेला वायू बाहेर पडतोय. तो तसाच राहिला तर पाण्याला आत शिरू देत नाही. मग बारीक धारेने गोल फिरवत सव्वा मिनिटापर्यंत १५० ग्रॅम आणि पावणेदोन मिनिटांपर्यंत २४० ग्रॅम भरा. गाळणी हलकेच एकदा गोल फिरवा. सगळं पाणी पावणेतीन ते सव्वातीन मिनिटांत खाली उतरलं पाहिजे.

पाण्यात आधी आम्लं सुटतात, मग गोडसर पदार्थ, शेवटी कडू आणि तुरट. कॉफीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की चव जुळते असं मानतात. त्याआधी थांबलात तर आंबट अर्धवट, फार पुढे गेलात तर कडू. कप कुठे अडलाय ते जीभ सांगते. बोचरा आंबट, पातळ, किंचित खारट आणि गिळल्यावर लगेच पुसला जाणारा कप म्हणजे चव पुरती उतरलीच नाही. पुढच्या वेळी दळण बारीक करा, बाकी सगळं तेच ठेवा. जीभ कोरडी करणारा, चहा जास्त उकळल्यासारखा तुरट कप म्हणजे जास्त उतरली, दळण जाड करा. आंबट आणि तुरट दोन्ही एकदम असेल तर दोष ग्राइंडरचा किंवा ओतण्याचा: पाणी एका बाजूने वाट काढून निसटलं, बाकी कॉफी तशीच राहिली. संपल्यावर गाळणीत डोकवा. चोथ्यात खड्डा किंवा भेग दिसेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय उपयोगी पडलं ते कधीच कळणार नाही.

काही दोष मात्र तुमच्या हातात नाहीत. कच्च्या शेंगदाण्याची, मटाराच्या सालीची, गवताची चव येत असेल तर दाणा आतून भाजलाच गेलेला नाही. बाहेरून रंग आला, आत कच्चा. असले दाणे चावून बघितले तर दातांना चिवट लागतात. नीट भाजलेला लाइट दाणा कडक असला तरी कडकन तुटतो. उलट आंबट नाही, गोड नाही, फक्त वाळल्या पावासारखा सपाट कप असेल तर फार मंद आचेवर रेंगाळून भाजलेला असतो. दोन्हींवर घरी इलाज नाही. पाकीट बदला.

दूध, जायफळ आणि मे महिना

लाइट रोस्टमध्ये दूध घालायचं का? आमचं मत, नको. दुधातली प्रथिनं आणि म्हशीच्या दुधातली जाड साय फळांचे वास झाकून टाकतात, उरतो नुसता आंबूसपणा. दूध आधीच उतरणीला लागलेलं असेल तर कॉफीतल्या आम्लाने गरम पेल्यात फाटूही शकतं. लग्नातली वाफेच्या नळीवर फेसाळणारी कॉफी किंवा जायफळ-वेलचीची घट्ट कॉफी यांची मजा वेगळी आहे, त्यांना मीडियम-डार्क दाणाच हवा. जायफळासारख्या मसाल्यापुढे जाई-संत्र्याचा आवाज ऐकू येणार नाही. काळी कॉफी जड जात असेल तर अर्धा चमचा साखर घाला. त्याने आंबटपणा गोल होतो आणि फळ उलट ठळक होतं. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू द्या. उन्हाळ्यात १५ ग्रॅमला १५० ग्रॅमच गरम पाणी वापरा आणि खालच्या भांड्यात ९० ग्रॅम बर्फ ठेवा. दळण थोडं बारीक घ्या, कारण पाणी कमी आहे. बर्फसुद्धा त्याच मिसळलेल्या पाण्याचा हवा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात त्याहून वर. या उष्णतेत कॉफी भराभर शिळी होते. मार्च-एप्रिलमध्येच मागवून ठेवा. पाकीट फ्रीजच्या दारात उघडं ठेवू नका. ओल लागते आणि काल फोडणी दिलेल्या भाजीचा वास शिरतो. आठवड्याला पुरतील एवढ्या छोट्या पुड्या करा, हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीझरमध्ये टाका. एक पुडी बाहेर काढली की ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर बाहेरच्या हवेतलं बाष्प थंड दाण्यांवर पाणी होऊन बसतं. उघडलेली पुडी परत फ्रीझरमध्ये नको.

घरी भाजून बघायची खुमखुमी असेल तर १०० ग्रॅम कच्चे दाणे आणि जाड लोखंडी कढई पुरे. मध्यम आच, लाकडी उलथणं, हात एक क्षण थांबवायचा नाही. शेंगदाण्यांपेक्षा दुप्पट भरभर हलवा. साधारण पाचव्या मिनिटाला दाणे पिवळे, आठव्या ते दहाव्या मिनिटाला तडतड. तडतड नीट लागली की मिनिटभर, फार तर दीड मिनिट, आणि लगेच मोठ्या चाळणीत ओतून पंख्याखाली धरा. चार मिनिटांत हाताला गार लागले पाहिजेत, नाहीतर आतल्या उष्णतेने भाजणी चालूच राहते. पातळ पापुद्रे घरभर उडतात, तेव्हा हे काम गच्चीवर किंवा ओट्यावर. कढईत दाणे एकसारखे होत नाहीत. काळे ठिपके पडलेले आणि फिकट पिवळे राहिलेले वेचून टाका. वेचण्याआधी सगळे तोला. ९० ग्रॅम भरले तर कच्चे राहिले, ८२ भरले तर लाइटची वेळ निघून गेली. ८७ च्या जवळ असतील तर डब्यात भरा, झाकण पहिला दिवस थोडं सैल ठेवा, मग घट्ट लावा आणि दहा दिवस विसरून जा.